अकराशे चाळीस वेढे

वेढेबाई मोजत असताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हा नियम संस्थेच्या कुठल्याच फलकावर लिहिलेला नव्हता, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना तो तोंडपाठ होता. संचालक नवीन रुजू झाले तेव्हा एकदा उत्साहाच्या भरात तळघरातल्या वर्कशॉपमध्ये उतरले आणि म्हणाले, "नमस्कार बाई, काय चाललंय?" बाईंचा उजवा हात यंत्राच्या दांड्यावर, डावा तारेवर. दोन्ही जागचे न हलवता त्यांनी फक्त डोळे वटारले आणि पुटपुटत राहिल्या, "सहाशे बारा, सहाशे तेरा, सहाशे चौदा..." संचालक उभे राहिले. सातशे होईपर्यंत उभे राहिले. सातशेला बाईंनी दांडा थांबवला, एका डब्यातलं बटण उचलून दुसऱ्या डब्यात टाकलं आणि म्हणाल्या, "हं, बोला साहेब." तोवर साहेब कशासाठी आले होते तेच विसरले होते.

त्यांचं खरं नाव कचेरीतल्या कागदांवर असेल तेवढंच. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, पोकळ रिळावर तांब्याची तार गुंडाळून कॉईल बनवणं, म्हणून त्या वेढेबाई. अशा कॉईलमधून वीज सोडली की तिचं लोहचुंबक होतं, आणि त्या चुंबकाचं वरच्या मजल्यांवरचे शास्त्रज्ञ काय करतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. बाईंना वेढे किती, तार किती जाड आणि थर किती, एवढं सांगितलं की पुरे. बाकीचं ज्ञान पाजळायला आलेल्याला त्या स्टूल देत नसत.

हे काम त्या वडिलांकडून शिकल्या. वडील जळलेले पंखे आणि पंपाच्या मोटारी नव्याने गुंडाळून द्यायचे. दुकान म्हणजे चार माणसं एकदम शिरली तर एकाने बाहेर यावं असं. नऊ वर्षांची पोर तिथे डब्यावर बसून तार पकडायची आणि वडील कामाचे नियम सांगायचे. तोंडाने मोजायचं, मनात नाही, कारण मन चोर असतं. तार ओढायची नाही, तिला येऊ द्यायची. एका थरावर दुसरा चढवण्याआधी मधे कागद घालायचा. आणि तयार कॉईल कधी नुसती टेबलावर टेकवायची नाही. जिथून तारांची टोकं बाहेर येतात त्या बाजूला खाली कागदाची घडी सरकवायची, म्हणजे टोकं घासत नाहीत आणि कॉईलची गुणगुण टेबलाला लागत नाही. वडील गेले, दुकान गेलं, पण नियम लेकीच्या हातात जसेच्या तसे उतरले.

बटणांची गोष्ट वेगळी. वर्कशॉपच्या यंत्राला वेढे मोजणारं एक छोटं चाक होतं, ते एकोणीस वर्षांपूर्वी मोडलं. नव्या चाकासाठी अर्ज केला होता. अर्ज अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय, तोही वेढेच घालतोय म्हणा ना. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी घरून नवऱ्याच्या जुन्या शर्टांची बटणं आणली आणि दर शंभराला एक बटण या डब्यातून त्या डब्यात टाकू लागल्या. एकोणीस वर्षांत बटणांनी कधी दगा दिला नव्हता, आणि देणारही नाही, असं बाई छातीठोकपणे सांगत.

निवृत्तीला चार महिने उरले होते तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची पोरगी खाली आली. पोरगी म्हणजे संशोधन करणारी मॅडम. बाई तिला तोंडावर मॅडम म्हणायच्या आणि मनात पोरगी. ती त्यांना पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागली आणि काम काय आहे ते सांगण्याआधी तिने विचारलं, "मावशी, मोजत नाही आहात ना?" एवढ्यावरच बाईंनी तिला पास केलं. स्टूलही दिलं.

"एक काचेची नळी आहे, वीतभर," पोरगी हातवारे करत सांगू लागली. "आतली हवा पूर्ण काढलेली. मधोमध केसासारखी तार, आणि तिच्याभोवती पत्र्याचं लांबट नळकांडं. तार तापवली की तिच्यातून इलेक्ट्रॉन उडतात आणि नळकांड्याच्या भिंतीकडे धाव घेतात. किती पोचले ते काटा दाखवतो."

"मग तार आणखी तापवायची. आणखी पोचतील."

"नाही ना! तीच तर गंमत आहे. एका मर्यादेपलीकडे कितीही तापवा, जास्त जातच नाहीत. वाटेतलेच मागच्यांना ढकलतात."

"बसच्या दारासारखं," बाई म्हणाल्या. त्यांचे यजमान तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले होते, त्यामुळे दारातली गर्दी हा त्यांच्या घरचाच विषय होता.

"अगदी तसंच! आता त्या नळीभोवती तुमची कॉईल बसवायची. चुंबक आलं की इलेक्ट्रॉन सरळ धावत नाहीत, वळतात. चुंबक वाढवा, आणखी वळतात. आणि मग एक क्षण असा येतो मावशी, की भिंतीला हात लागणार एवढ्यात सगळेच्या सगळे वळून माघारी! एकही पोचत नाही. काटा नव्वदवर असतो तो धाडकन शून्यावर. कड्यावरून पडावा तसा. मला तो कडा हवाय. कड्याच्या जवळ जाताना जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊ शकतात, ते मला मोजायचंय."

बाईंच्या हातातला कापडाचा तुकडा पुसायचा थांबला होता. एकतीस वर्षांत त्यांच्या कॉईलचं पुढे काय होतं हे कुणी असं रंगवून सांगितलं नव्हतं. डोळ्यांना न दिसणारी फौज धावत निघते आणि आपण गुंडाळलेल्या तारेमुळे भिंतीच्या तोंडातून माघारी फिरते! त्यांनी विचारलं, "वेढे किती?"

"एका थरात पंचाण्णव. असे बारा थर."

"अकराशे चाळीस," बाई म्हणाल्या. कागदाला हात लावला नाही.

दोन दिवसांत कॉईल झाली. अकरा बटणं पलीकडे गेली आणि वर चाळीस. बाईंनी ती स्वतः कडेवर घेऊन दुसऱ्या मजल्यावर नेली, पायऱ्या अडतीस, आणि पोरगी पोचपावतीवर सही करत होती तेवढ्यात टेबलावर नीट बसवून दिली. वरून स्टँडला टांगलेली काचेची नळी कॉईलच्या पोकळीत अलगद उतरली. बाई खूश होऊन खाली आल्या आणि घरी गेल्यावर यजमानांना इलेक्ट्रॉनची सगळी कहाणी सांगितली. यजमान म्हणाले, "भिंतीपर्यंत जाऊन परत? आमच्या डेपोतला साहेब कामाच्या बाबतीत असाच होता."

नंतर जवळजवळ चार महिने काहीच कळलं नाही. कळलं ते एका मंगळवारी सकाळी, आणि ते असं.

पोरगी खाली आली, चेहरा उतरलेला. तिच्या मागे मोठे सर. मोठे सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, संस्थेतले सगळ्यात जाणते आणि हे स्वतःला पूर्ण माहीत असलेले. त्यांनी बाईंपुढे एक आलेख धरला. रेघ वरून सरळ येत होती, मग खाली उतरत होती, पण कड्यावरून पडावी तशी नव्हे, घसरगुंडीवरून यावी तशी. आणि शून्यावर पोचतच नव्हती. तळाशी एक लांबलचक शेपूट राहिलं होतं.

"ह्या शेपटाने सात आठवडे खाल्ले," सर म्हणाले. "नळीतली हवा तपासली, वीजपुरवठा तपासला, टेबल पाणसळीने तपासलं, नळी ओळंब्याने तपासली. आता एकच गोष्ट राहिली. तुमची कॉईल."

"कॉईलला काय झालं?" बाई म्हणाल्या.

"तेच तर बघायचंय. इथे वेढे बटणांवर मोजतात असं ऐकलं. आता मला सांगा, एखादं बटण राहिलं तर?"

वर्कशॉपमधला टर्नर लेथ बंद करून बघू लागला. बाईंचे कान तापले. "सर, बटण टाकायचं राहिलं असतं तर शंभर वेढे जास्त पडले असते. मग तुमचा तो कडा अलीकडे सरकला असता. चुंबक जास्त, म्हणून वीज कमी लागली असती. पण कडा बोथट कशाला होईल?"

पोरगीने चमकून वर पाहिलं. सरांनी आलेख आपल्याकडे वळवला. पण मोठ्या माणसांना माघार घ्यायची सवय नसते. "बरोबर. म्हणजे मोजणी नाही तर गुंडाळणी. आत कुठेतरी वेढे एकमेकांवर चढले असतील. इथे दाट, तिथे विरळ. चुंबक सगळीकडे सारखं नसेल तर कडा बोथटच होणार. गुरुवारी सकाळी कॉईल कापून आतले थर बघू. नवी बाहेरून मशीनवर करून घेऊ."

कापून! बाईंना वाटलं कुणी आपलं बोटच मागतंय. "माझ्या कॉईलमध्ये वेढे चढत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि मग जिभेवर आलंच, "नाचता येईना, अंगण वाकडं."

टर्नरने घाईघाईने लेथ चालू केला. सर आलेख गुंडाळून वर गेले, आणि पोरगी त्यांच्या मागे, दारातून एकदा वळून बघत.

संध्याकाळी यजमानांनी ओळखलं. जिने चढताना बाईंनी पायऱ्या मोजल्या नव्हत्या. चहा पुढे ठेवून ते म्हणाले, "जाऊ दे गं. दहा दिवस राहिलेत. कापली तर कापली. तुझं कोण काय वाकडं करणार आता?"

"दहा दिवस राहिलेत म्हणूनच!" बाई कडाडल्या. "एकतीस वर्षं कुणाला बोट दाखवायला जागा दिली नाही. आणि आता जाता जाता नावाला बट्टा? मी गेल्यावर त्या तळघरात काय म्हणतील? बाई बटणं मोजायच्या म्हणे, आणि आत सगळा गोंधळ!" त्यांचे डोळे भरून आले. रडायचा राग आला म्हणून त्या आणखी चिडल्या.

यजमानांनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. मग म्हणाले, "गाडी सोपवायच्या शेवटच्या दिवशी मी काय केलं माहीत आहे ना? मेकॅनिक म्हणाला ब्रेक खराब. मी म्हटलं, कागद नको दाखवूस, मला गाडीत बसू दे. तू तुझी कॉईल चालताना पाहिलीस का कधी?"

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. खरंच की. शेकडो कॉईली गुंडाळल्या आणि चालताना एकही पाहिली नव्हती.

बुधवारी अकरा वाजता त्या अडतीस पायऱ्या चढून दुसऱ्या मजल्यावर गेल्या. पोरगी एकटीच होती. टेबलाची मागची कड भिंतीला लागलेली, त्यावर कॉईल, कॉईलमध्ये वरून टांगलेली नळी, शेजारी तीन काटे. "मॅडम, उद्या कापायच्या आधी मला एकदा ते शेपूट दाखवा," बाई म्हणाल्या.

पोरगीने नळीतली तार तापवली. काचेच्या आत बारीकसा नारिंगी प्रकाश उमटला आणि काटा चढत चढत नव्वद घरांवर गेला. "हे सगळे पोचतायत," ती म्हणाली. मग तिने कॉईलमध्ये वीज सोडायला सुरुवात केली. पाव, अर्धा, पाऊण अँपिअर. काटा नव्वदवरच. एक अँपिअर. काटा डुगडुगला. बाई श्वास रोखून बघत होत्या. आता ते वळतायत, आता त्यांना भिंत दिसतेय. काटा उतरू लागला, सत्तर, पन्नास, तीस, पण रेंगाळत, जणू त्याला घरी जायची इच्छाच नव्हती. वीज दीड अँपिअरवर नेली तरी तो अकरा घरांवर अडकून बसला.

"हे शेपूट," पोरगी म्हणाली. "दोनवर नेलं तरी जात नाही."

बाईंनी सवयीने हात पुढे केला. कॉईल चालू असली की तळहाताने ती किती तापली ते बघायचं, ही वडिलांच्याच वेळची खोड. कॉईलच्या मागच्या बाजूला, जिथून तारा बाहेर येतात तिथे, त्यांनी वरून तळहात दाबला.

काटा अकरावरून आठवर आला.

हात काढला. अकरा.

"मावशी!" पोरगी किंचाळलीच. "परत! परत दाबा!"

परत दाबला. आठ. जोर लावला. सात. पोरगीचे डोळे वाटोळे झाले. "पुढच्या बाजूला दाबा!" पुढे दाबून काहीच होईना. मागे दाबलं की सात. "हाताचा परिणाम? उष्णतेचा? थांबा, मी लाकडाने दाबते!" तिने पट्टी आणली, पट्टीने दाबलं, तरी सात. ती खोलीभर नाचायचीच बाकी होती. "काहीतरी हलतंय! मावशी, खाली काहीतरी हलतंय!"

 काय हलतंय ते बाईंना मात्र कळलं होतं. त्यांचा तळहात ते ओळखत होता. मऊ, दाबलं की थोडं बसणारं, सोडलं की फुगणारं. तारांच्या बाजूला, भिंतीकडे, रिळाच्या चकतीच्या रंगाचाच तपकिरी कागद. तीन वेळा दुमडलेला, आठ पदरी. चार महिन्यांपूर्वी कॉईल ठेवताना त्यांनीच सरकवला होता. हात सरकवतो आणि डोक्याला कळवतही नाही, इतकी जुनी सवय.

टेबल सरळ होतं. नळी ओळंब्यात होती. कॉईल तेवढी पुढे झुकलेली होती. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते बाईंनीच वाकडं करून ठेवलं होतं.

पोरगी पाठमोरी होऊन वहीत घाईघाईने आकडे लिहीत होती. बाईंचं बोट चकतीच्या कडेला होतं. नुसतं टोक धरून ओढलं असतं तर घडी मुठीत आली असती, मूठ पदराआड गेली असती आणि काटा आपोआप खाली उतरला असता. कुणालाही काही कळलं नसतं. कॉईल कापली गेली नसती. एकतीस वर्षांवर एक डागही राहिला नसता. आणि खरं सांगितलं तर? सात आठवडे ज्या भुताच्या मागे सगळे धावले ते भूत बाईंनी कागदातून बनवलं होतं, हे मोठ्या सरांच्या तोंडून साऱ्या संस्थेला कळणार होतं. शेकडो वेळा बरोबर गुंडाळलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, एक घडी मात्र जन्मभर राहते.

बाईंना स्वतःचाच संताप आला. मन चोर असतं म्हणून तर तोंडाने मोजायचं.

"मॅडम," त्या मोठ्याने म्हणाल्या. "खाली कागदाची घडी आहे. ती माझी आहे. मी घातली. तुमची कॉईल वाकडी बसलीय ती माझ्यामुळे. तुमचे सात आठवडे मी वाया घालवले."

पोरगी वळली. बाईंनी मान ताठ ठेवली होती. "आता काढते ती," त्या म्हणाल्या.

"नाही!" पोरगी ओरडली. "काढू नका! हात लावू नका मावशी!" ती टेबलाच्या बाजूला आली, गुडघ्यांवर बसली, गाल टेबलाला टेकवून फटीत बघितलं आणि हसायला लागली. "किती जाड आहे?"

"आठ पदर. मिलिमीटरभर, थोडी जास्त."

पोरगीने रिळाची रुंदी मोजली, वहीत भागाकार केला. "अर्धा अंश! फक्त अर्धा अंश! म्हणजे चुंबक नळीला तिरकं पडतं, इलेक्ट्रॉन माघारी वळतात पण त्या तिरक्या वाटेने सरकत सरकत भिंत गाठतात. मावशी, वेडं म्हणाल मला, पण ही चूक नाहीये. हे मोजता येतं! घडी कमी केली तर शेपूट कमी व्हायला हवं, वाढवली तर वाढायला हवं. किती तिरकं, तर किती गळती! मी तिरकं करायला स्क्रूंची चौकट मागवायची म्हटली असती तर वर्ष लागलं असतं."

"अर्ज फिरत राहिला असता," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्याही नकळत हसल्या. मग पदर खोचला. "सरका. एकेक पदर मी काढते. कागद माझा आहे, माझं ऐकेल."

पुढचे दोन तास त्या खोलीत कुणाला जेवणाची आठवण झाली नाही. बाईंनी घडी एकदा उलगडली, चार पदर. काटा पाचवर! आणखी उलगडली, दोन पदर. दोन! मग पोरगी म्हणाली, "उलटं करू या," आणि बाईंनी सोळा पदर करून सरकवले तशी काटा चोवीसवर चढला. पोरगीने टाळी वाजवली. बाई दर वेळी आकडा मोठ्याने म्हणत, पोरगी लिहीत, आणि दर वेळी दोघी एकमेकींकडे बघत, जणू दोघींनी मिळून कुणाच्या तरी खोड्या काढायचं ठरवलंय. शेवटी कागद पूर्ण निघाला. चकती सपाट टेबलावर टेकली.

वीज चढू लागली. अर्धा. पाऊण. एक. काटा नव्वदवर घट्ट. एक पूर्णांक एक. बाईंनी पोरगीचा खांदा धरला. आणखी एक केसभर, आणि काटा पडला. घसरला नाही, रेंगाळला नाही. नव्वदवरून सरळ शून्यावर, आणि शून्याच्या खिळ्याला टक्कन आपटला.

"कडा!" पोरगी ओरडली.

"वळले! सगळे वळले!" बाई ओरडल्या. शेजारच्या खोलीतली माणसं काय झालं म्हणून दारात आली.

गुरुवारी सकाळी मोठे सर कापायची करवत घेतलेल्या टर्नरला घेऊन आले. टेबलावर कॉईल नव्हे, आलेख मांडलेले होते. एकाखाली एक, घसरगुंडीपासून कड्यापर्यंत, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात लिहिलेलं, सोळा पदर, आठ पदर, चार, दोन, शून्य. सरांनी एक पाहिला, दुसरा पाहिला, मग खुर्ची ओढून बसले आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून पाहिले. "हे पदर म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

पोरगी काही बोलायच्या आत बाई पुढे झाल्या आणि घडीची सगळी हकीकत सांगितली, काही न वगळता. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे परवा तुम्ही मला ती म्हण ऐकवलीत, तेव्हा अंगण..."

"वाकडं होतं. मीच केलेलं," बाई म्हणाल्या. "ते मी पदरात घेते. पण गुंडाळणीबद्दल तुम्ही बोललात ते मी नाही घेणार."

सर हसले. मोठे सर हसतात हे टर्नरने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "गुंडाळणी एकसारखी आहे. नसती तर असा कडा आलाच नसता," ते म्हणाले. "करवत परत न्या."

एवढ्यावर भागलं असतं. पण बाई जागच्या हलल्या नाहीत. "आणि मोजणी?" त्या म्हणाल्या. "बटण राहिलं असेल तर, असं म्हणाला होतात. कापल्याशिवाय ते कसं कळणार?"

 सरांनी पोरगीकडे पाहिलं, पोरगीने आलेखाकडे. मग तिने पेन उचललं. "कळेल," ती हळूच म्हणाली. "सर, कडा कुठल्या चुंबकाला पडायला हवा ते आपल्याला माहीत आहे. प्रत्यक्षात किती विजेला पडला तेही माहीत आहे. म्हणजे तेवढ्या विजेत तेवढं चुंबक करायला किती वेढे लागतात ते उलटं काढता येईल." ती लिहू लागली. कॉईलची लांबी, थरांची जाडी, नळकांड्याचा व्यास, सगळं धरून. सर तिच्या खांद्यावरून बघत होते आणि एका ठिकाणी त्यांनीच दशांश चिन्ह दुरुस्त केलं. टर्नर करवत घेऊन दारातच थांबला. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, एक, दोन, तीन.

पोरगीने पेन ठेवलं. वर पाहिलं तेव्हा तिचे डोळे पाणावलेले होते. "अकराशे चाळीस," ती म्हणाली. "मावशी, इलेक्ट्रॉननी तुमचे वेढे मोजले. अकराशे चाळीस."

 एकोणीस वर्षं ज्याला कुणी साक्षीदार नव्हता त्या मोजणीची साक्ष द्यायला डोळ्यांना न दिसणारी ती सगळी फौज भिंतीपर्यंत जाऊन परत आली होती.

"अर्थात," पोरगी प्रामाणिकपणे म्हणाली, "आपली यंत्रं जुनी आहेत. पाच-सहा वेढे इकडे तिकडे होऊ शकतात."

बाईंनी डोळे पुसले आणि ते वटारले.

"पाच-सहा इकडे तिकडे ते तुमच्या इलेक्ट्रॉनचे," त्या म्हणाल्या. "माझे चाळीस म्हणजे चाळीस."